ओझं यंत्राचं, पत्ता माणसाचा

शहरातलं पार्सलवाटप, त्यात माणसाच्या जोडीनं राबणारी चाकांची यंत्रं, आणि त्यावरचं पुस्तक लिहिलं जातंय सेनगावात! हस्तलिखित चाळणाऱ्या प्रत्येकानं पहिली शंका हीच काढली. शंका रास्त आहे. सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आमच्याकडे रेल्वे नाही. गाडी धरायची तर हिंगोली गाठायची. सुगीत डांबरी रस्त्याच्या कडेनं सोयाबीन वाळत पडलेलं असतं. फूटपाथवरून चालणारं एखादं परदेशी यंत्र चुकून इथं उतरलंच, तर त्याला आधी फूटपाथ शोधावा लागेल आणि मग सोयाबीनच्या वाळवणाला वळसा घालावा लागेल.

तरीही हा विषय सेनगावचा आहे. पुण्या-मुंबईत दारोदार पार्सलं पोचवणारे पाय कुठून येतात ते पाहिलं की उलगडा होतो. कोरडवाहू जमिनीत भागत नाही, पोलीस भरतीच्या तयारीत दोन-तीन वर्षं जातात, आणि मग मराठवाड्यातला पोरगा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणे गाठतो. चौघांत एक खोली, हप्त्यावरची दुचाकी, पाठीवर भलीमोठी पिशवी. कुणी भिवंडीच्या गोदामात उभ्यानं पार्सलं निवडतो, कुणी चाकणला गाडीत माल चढवतो. शहरात उद्या जे यंत्र येईल ते या पोराच्या शेजारी उभं राहील, नाहीतर त्याच्या जागी. या दोन शक्यतांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक कशानं पडतो हे या पुस्तकात शोधलं आहे.

पार्सल पोचवणं हे एक काम वाटतं. प्रत्यक्षात ती तीन कामं आहेत. निवडणं, वाहणं आणि हातात देणं. यंत्राविषयीच्या बहुतेक चर्चा या तिन्हींचं एक गाठोडं बांधून होतात आणि म्हणूनच फसतात. ‘रोबो येणार, माणूस जाणार’ म्हणणारा आणि ‘छे, आपल्याकडे रोबो चालायचाच नाही’ म्हणणारा, दोघेही गाठोडं न सोडताच भांडतात. ते आधी सोडू.

पहिलं काम निवडण्याचं. आपल्या देशात त्याचा पाया एका मराठी माणसानं घातला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतात लिहिणारे साहित्यिक. एका नावाची अनेक गावं आणि पत्ते नाना लिप्यांत, यामुळे टपालाचा जो गोंधळ व्हायचा त्यातून त्यांनी सहा आकड्यांची वाट काढली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड लागू झाला. आमच्या तालुक्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. गोरेगाव मुंबईत आहे तसं सेनगाव तालुक्यातही आहे. सेनगावचा पिन ४३१५४२. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्याचा. पहिले तीन आकडे मिळून टपाल निवडण्याचा विभाग ठरतो. शेवटचे तीन आकडे थेट आमच्या पोस्टात आणून सोडतात.

हे सहा आकडे आखले गेले ते पिशव्यांपुढे बसून पत्रं निवडणाऱ्या माणसासाठी. पुढे ते यंत्राला आयते मिळाले. २०१९ साली फ्लिपकार्टनं बंगळुरूच्या आपल्या केंद्रात शंभराहून अधिक बुटक्या चाकांच्या गाड्या आणल्या. माणूस गाडीच्या पाठीवर पार्सल ठेवतो, वरचं लेबल वाचलं जातं, गाडी आपली आपण त्या त्या पिनच्या तोंडाशी जाऊन पार्सल कलंडवते आणि दुसरं घ्यायला परत येते. कंपनीनं सांगितलेला वेग ताशी सुमारे ४,५०० पार्सलांचा. त्याच वर्षी प्रमोद घाडगे आणि शाहिद मेमन यांनी अनबॉक्स रोबोटिक्स ही कंपनी सुरू केली. पुण्यातल्या या कंपनीनं वेगळी अडचण हेरली: शहरात जागा महाग. म्हणून तिची यंत्रं जमिनीवर पसरण्याऐवजी पार्सल घेऊन मांडणीवर उभी चढतात आणि वरच्या कप्प्यात टाकून खाली येतात.

निवडण्याच्या कामात यंत्र जिंकलं आहे आणि त्यावर अश्रू ढाळण्याचं कारण नाही. दिवसभर लेबलं वाचत गोदामात येरझारा घालणं हे काही कुणाचं स्वप्न नसतं. मात्र यंत्रानं येरझारा घेतल्या तरी त्याच्या पाठीवर पार्सल ठेवणारा माणूस तिथंच राहिला, आणि आता चाल यंत्राची झाली. यंत्र दमत नाही म्हणून शेजारच्यानंही दमायचं नाही, हा करार कुठल्याच कागदावर नसतो, तरी पाळावा लागतो. पुस्तकाच्या पहिल्या भागात गोदामाचं वर्णन आहे ते या अंगानं.

दुसरं काम वाहण्याचं. महाराष्ट्राला ओझ्याचा इतिहास आहे. ‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावर वाहण्यातून आला. शंभर किलोचं पोतं पन्नासावर आणायला पुण्याच्या हमाल पंचायतीला आणि बाबा आढावांना किती वर्षं झगडावं लागलं, हे बाजार समितीतला कुठलाही जुना हमाल सांगेल. ज्या माणसाला एक मालक नाही, आज या गाळ्यावर आणि उद्या त्या गाळ्यावर काम, त्याची भविष्य निर्वाह निधीची, इलाजाची जबाबदारी कुणाची? या प्रश्नाला आपल्या राज्यानं १९६९ साली माथाडी कायद्यानं उत्तर दिलं. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, आणि जो कुणी माल उचलायला लावेल त्यानं मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरायची. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला हा कायदा मी मुद्दाम आठवतो. आज मोबाइलवरच्या ॲपवर दहा कंपन्यांची पार्सलं वाटणाऱ्या पोराचा प्रश्न नावानं नवा आहे. जातकुळी माथाड्याच्या प्रश्नाचीच.

ओझं यंत्रानं वाहावं आणि माणसानं सोबत चालावं, याचा साधा आणि मला सर्वांत पटलेला प्रयोग जर्मनीत झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये बाड हेर्सफेल्ड या छोट्या शहरात जर्मन टपाल कंपनीनं ‘पोस्टबॉट’ नावाची विजेवर चालणारी गाडी पोस्टमनच्या मागे सोडली. तिच्यावर टपालाचे सहा ट्रे, वजन दीडशे किलोपर्यंत. ती पोस्टमनचे पाय ओळखते. तो चालला की चालते, थांबला की थांबते. त्याचे दोन्ही हात मोकळे. घर कुठलं, पेटी कुठली, कुत्रं कुठलं, हे सगळं त्याच्या डोक्यात. फक्त पाठीवरचं गाडीवर गेलं. बैलगाडीपुढे चालणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही कल्पना समजायला तंत्रज्ञ व्हावं लागणार नाही.

त्याच सुमारास दुसरी कल्पनाही मांडली गेली. २०१६ साली मर्सिडीज-बेंझ आणि एस्टोनियातली स्टारशिप यांनी एक व्हॅन दाखवली. व्हॅन गल्लीच्या तोंडाशी थांबणार, पोटातून सहा चाकांच्या आठ पेट्या उतरणार, दारोदार पार्सल देऊन व्हॅनपाशी परतणार. नऊ तासांच्या पाळीत १८० ऐवजी ४०० पार्सलं पोचतील, असा त्यांचा दावा होता. दोन्ही प्रयोगांत यंत्र आहे, माणूस आहे, ‘सहकार्य’ हा शब्दही आहे. पण पहिल्यात यंत्र माणसाच्या मागे चालतं आणि दुसऱ्यात माणूस यंत्रं भरत बसतो. पहिल्यात पाठ वाचते. दुसऱ्यात १८० चे ४०० होतात, आणि वरच्या २२० पार्सलांचे पैसे कुणाच्या खिशात गेले हा प्रश्न उरतो. यंत्राकडे पाहताना वाचकानं हा हिशेब विसरू नये, म्हणून तो या पुस्तकात वारंवार येतो.

तिसरं काम हातात देण्याचं, आणि खरी गंमत इथंच आहे. सेनगावचा पूर्ण पत्ता म्हणजे मु. पो. सेनगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली. एवढ्यावर पत्र येतं, कारण पुढचं पोस्टमनला माहीत असतं. पार्सलवाला नवा असेल तर तो फोन करतो, “कुठं यायचं?” आणि आपण सांगतो, “स्टँडवर थांबा, आलोच.” म्हणजे आमच्याकडे पत्ता कागदावर नसतोच. तो माणसांच्या ओळखीत असतो आणि उरलेला मोबाइल नंबरात. शहरात हे नसतं असं कुणी समजू नये. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन, बंद पडलेली लिफ्ट, ‘शेजारी द्या, मी ऑफिसात आहे’, ओटीपी सांगायला चष्मा शोधणाऱ्या आजी, ही सगळी पत्त्याचीच अंगं आहेत. टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन देशाची जमीन साधारण चार मीटरच्या चौकोनांत वाटतो आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण देतो. काम मोलाचं आहे. रानातल्या आखाड्यालाही त्यामुळे पत्ता मिळाला. पण इमारतीच्या तळमजल्याचा आणि त्याच्या थेट डोक्यावरच्या पाचव्या मजल्याचा डिजिपिन एकच. मधला जिना माणसालाच चढायचा आहे.

आपल्याकडे यंत्र आणि माणूस यांच्या जोडीनं वाटप करण्याचा जुना आणि यशस्वी नमुना डबेवाल्यांचा आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत हे काम सुरू केलं. डबेवाले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. म्हणजे शहराचं पोट तेव्हाही गावाकडच्या पायांवरच चालत होतं. अंतर कापायचं यंत्र लोकल. डबा घरून उचलणारा एक, स्टेशनवर निवडणारा दुसरा, टेबलाशी पोचवणारा तिसरा. झाकणावर रंगवलेल्या खुणांवर सगळं उभं. ओझ्याची लाकडी पाटी डोक्यावर असतेच, तेव्हा हे काम फुलासारखं हलकं होतं असं कुणी म्हणू नये. पण एक गोष्ट नजरेआड होते: आजचा डबेवाला कुणाचा नोकर नाही. गटाच्या कमाईत तो वाटेकरी आहे. यंत्र त्याला हाकत नाही. लोकलचं वेळापत्रक तो आपल्या कामाला जुंपतो.

फूटपाथवरच्या पेट्यांचं पुढे काय झालं, हेही नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बातम्यांत त्यांचं आगमन छापून येतं, प्रस्थान येत नाही. ॲमेझॉननं जानेवारी २०१९ मध्ये ‘स्काउट’ नावाची पेटी अमेरिकेत रस्त्यावर आणली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्या चाचण्या थांबवल्या. फेडेक्सनंही आपला ‘रॉक्सो’ त्याच महिन्यात गुंडाळला. जगातल्या दोन धनाढ्य कंपन्यांना जे परवडलं नाही ते पुण्याच्या पेठांत उद्याच येईल, या भीतीला आधार नाही. दुसरीकडे स्टारशिपच्या पेट्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात २०१८ पासून किराणा पोचवत राहिल्या. कारण पाहायला गेलं तर ते यंत्रात कमी आणि शहरात जास्त आहे: मिल्टन कीन्समध्ये पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी मोटारींपासून वेगळ्या वाटांचं मोठं जाळं आहे. जिथं म्हातारं माणूस निर्धास्त चालू शकतं तिथं यंत्र चालतं. आपल्या शहरांनी रोबोची चिंता करण्याआधी फूटपाथची करावी, हा या साऱ्याचा रोकडा अर्थ.

आणि फूटपाथ असला तरी तो कुणाचा? २०१९ साली अमेरिकेत पिट्सबर्गला व्हीलचेअरवरच्या एका विद्यार्थिनीनं तक्रार केली की, रस्ता ओलांडून फूटपाथवर चढायच्या उतारावरच पेटी अडून उभी राहिली आणि आपल्याला भर रस्त्यात थांबावं लागलं. विद्यापीठानं चाचणी थांबवली. सॅन फ्रान्सिस्कोनं त्याआधीच, २०१७ अखेरीस, अशा यंत्रांवर कडक बंधनं घातली होती. बर्कलेच्या विद्यापीठात फिरणाऱ्या ‘किवी’ या कंपनीच्या पेट्यांची गोष्ट आणखी वेगळी. लोकांना त्या आपल्या अकलेनं चालतात असं वाटे. त्यांच्यावर नजर ठेवणारी, वाट दाखवणारी माणसं हजारो किलोमीटर दूर कोलंबियातल्या मेडेयिनमध्ये पडद्यासमोर बसलेली होती. यंत्रानं माणूस घालवला असं दिसलं की तो खरंच गेला, की फक्त नजरेआड झाला, हे आधी तपासावं. उद्या सेनगावातला एखादा पोरगा पुण्यातल्या पेटीला इथं बसून वाट दाखवत असेल. तो दिवस चांगला की वाईट, हे त्याच्या हातात पडणाऱ्या पगारावरून ठरेल.

आपल्या देशाचं धोरण या बाबतीत दोन तोंडांनी बोलतं. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये स्पष्ट सांगितलं की, चालकांचा रोजगार जाईल म्हणून चालकविरहित मोटारी आपण देशात येऊ देणार नाही. गोदामांच्या आत मात्र यंत्रं वाढतच आहेत, कारण तिथं कुणाचं लक्ष नाही. आणि नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार ‘गिग’ पद्धतीनं राबणारे २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते. २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. म्हणजे माणसं कमी होण्याआधी खूप वाढणार आहेत. त्यांची व्याख्या प्रथम करणारी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग सामाजिक सुरक्षेसाठी द्यावा, अशी तिच्यात तरतूद आहे. माथाडी कायद्यातल्या लेव्हीची ही धाकटी बहीण. थोरलीची मंडळं कुठं चालली आणि कुठं नुसती नावाला उरली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. धाकटीला तिची शिकवण मिळाली तर बरं.

या साऱ्या विचाराला मला ठाम जागा मिळाली ती माथेरानला. या डोंगरावर मोटारींना बंदी. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं कर्जतहून माथेरानला ड्रोननं टपाल नेऊन पाहिलं. वरून टपाल उडत येत होतं आणि खाली माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता. एकाच डोंगरावर एकाच वर्षी! त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. पण न्यायालय तिथं थांबलं नाही. ई-रिक्षा येतील त्या आधी हातरिक्षा ओढणाऱ्यांना द्याव्यात, हेही त्यानं बजावलं. ई-रिक्षा काही रोबो नव्हे. तरी यंत्र आल्यावर काय व्हावं याचं इतकं नेमकं उत्तर मला मोठमोठ्या अहवालांत सापडलं नाही. ओझं यंत्रावर जावं, आणि यंत्राची किल्ली ज्यानं आजवर ओझं वाहिलं त्याच्या हातात यावी.

पुस्तकाचं मागणं यापेक्षा मोठं नाही. निवडणं यंत्राला देऊन टाका, पण त्याची चाल माणसाच्या दमानं बांधा. वाहणं यंत्राला द्या, पण गाडी माणसाच्या मागे चालू द्या आणि वाढलेल्या पार्सलांचा वाटा त्यालाही मिळू द्या. हातात देणं माणसाकडे राहील, कारण पत्ता त्याच्यापाशी आहे. तेव्हा त्या माहितीची मजुरी वेगळी धरा. एखाद्या महापालिकेनं अशा यंत्राच्या चाचणीला परवानगी दिली, तर त्या समितीत इंजिनिअरच्या शेजारच्या खुर्चीवर रोज शंभर जिने चढणारा एक जण बसला पाहिजे.

पुस्तक तीन कामांच्या क्रमानं तीन भागांत आहे. तांत्रिक भाग कंटाळवाणा वाटला तर खुशाल ओलांडावा; ओझ्याचा भाग मात्र वगळू नये. आणि ज्यांच्या पायांवर हा धंदा उभा आहे त्यांना विनंती, की सुट्टीच्या दिवशी हे वाचा आणि जिथं मी कामाचं वर्णन चुकलो असेन तिथं कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करीन. पत्ता सोपा आहे, खाली दिला आहे. पुढचं आमच्या पोस्टमनला माहीत आहे.

मु. पो. सेनगाव, जि. हिंगोली – ४३१५४२